डिस्चार्जनंतरचं देणं

पुण्यालगतच्या मांजरी गावाचं नाव शेती आणि विज्ञान या दोन्ही क्षेत्रांतल्या लोकांना चांगलं परिचयाचं आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरी बुद्रुकला आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७पासून इथेच आहे आणि ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’ अशा द्राक्षवाणांनी गावाचं नाव बागाईतदारांच्या तोंडी नेलं आहे. करोनाच्या काळात ज्या सीरम इन्स्टिट्यूटकडे साऱ्या जगाचे डोळे लागले होते, तिचा पसारा हडपसरपासून मांजरीपर्यंत आहे. ३० जून २०२१ला मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. उसाच्या फडांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि शहराबरोबर शहराचे आजारही आले.

छातीत कळ आली की मांजरीकराची वाट ठरलेली असते. कुणी १०८ला फोन लावतं, कुणी शेजाऱ्याची गाडी काढतं, आणि सोलापूर रस्ता गाठला जातो. पुढे हडपसर, मगरपट्टा, कॅम्प, स्टेशन, ससून. ज्याला जिथे जमेल तिथे. इसीजी होतो, रुग्ण कॅथलॅबमध्ये जातो, बाहेर नातेवाईक कागदांवर सह्या करतात. सगळं नीट पार पडलं तर काही दिवसांत तो माणूस स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येतो. घरचे पेढ्यांचा पुडा घेऊन वॉर्डात जातात. सिस्टरना, मामांना, मावशींना पेढे दिले जातात. डॉक्टरांच्या पाया पडणारेही असतात. ‘तुमच्यामुळे हा दिवस दिसला,’ असं म्हणताना आवाज भरून येतो, आणि ते अगदी मनापासून असतं.

मग दोन-तीन फॉलो-अप होतात. त्यानंतर फाइल कपाटात जाते.

त्या भरून आलेल्या आवाजाचं पुढे काय होतं? ज्याला दुसरा जन्म मिळाला असं वाटतं, त्याला काहीतरी परत करावंसं वाटतं. पण काय करायचं, कुणाकडे द्यायचं, हे ना त्याला ठाऊक असतं, ना बहुतेक रुग्णालयांनी त्याला कधी सांगितलेलं असतं. पैसेवाल्यांसाठी देणगीची पाटी असते. बाकीच्यांची कृतज्ञता पेढ्यांपाशी थांबते. खरं तर हृदयरुग्णांनी ही परतफेड किती तऱ्हांनी करता येते, हे जगात आणि महाराष्ट्रातही दाखवून दिलं आहे. त्या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: परतफेड डॉक्टरांच्या हाती पडली नाही, ती मागून येणाऱ्या रुग्णाच्या हाती पडली.

‘मीही याच खाटेवर होतो’

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातले शल्यविशारद ड्वाइट हार्केन यांनी सव्वाशेहून अधिक सैनिकांच्या हृदयातून आणि हृदयालगतच्या रक्तवाहिन्यांतून गोळ्यांचे आणि बॉम्बचे तुकडे काढले. हृदयाला हात लावायचा नाही, हा वैद्यकातला जुना दंडक होता. तो मोडणाऱ्यांपैकी ते एक. युद्धानंतर बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात ते आकसलेल्या झडपा मोकळ्या करण्याची शस्त्रक्रिया करू लागले. त्या काळी ही शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ होता. तिच्यातून वाचलेले चार रुग्ण जानेवारी १९५१मध्ये एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, की शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घाबरून पडलेल्या माणसाला आपण भेटायला जायचं. ‘मेंडेड हार्ट्स’ ही संघटना त्यातून उभी राहिली. आज अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत तिचे स्वयंसेवक वॉर्डात जातात. ते स्वतः हृदयरुग्ण असतात, ही त्यांची मुख्य पात्रता.

डॉक्टर आकडे सांगतो, धोके सांगतो, संमतिपत्र समजावतो. पण बायपासनंतर खोकला आला की छातीवर उशी घट्ट धरायची, पहिले काही दिवस झोप लागत नाही, चिडचिड होते, उगाच रडू येतं आणि हे सगळं हळूहळू ओसरतं, हे भोगलेल्या माणसाने सांगितलं की पटतं. ‘मीही याच खाटेवर होतो आणि आता रोज फिरायला जातो,’ या वाक्याचं वजन वेगळं असतं.

हा प्रश्न नुसत्या धीराचा नाही. ‘प्युअर’ या जागतिक पाहणीत २०११ साली असं दिसलं, की कमी उत्पन्नाच्या देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर पाच जणांपैकी चार जण पुन्हा झटका येऊ नये म्हणून द्यायच्या प्रमुख औषधांपैकी एकही घेत नव्हते. त्या पाहणीत भारतातली गावं आणि शहरंही होती. औषध महाग पडतं, दुकान लांब असतं, ही कारणं आहेतच. पण ‘आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?’ हे कारण आपल्या घराघरांत ऐकू येतं. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ही गोष्ट डिस्चार्जच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि घरी पोचेपर्यंत विसरली जाते. हेच शेजारच्या सोसायटीतल्या, दहा वर्षांपूर्वी स्टेंट बसलेल्या काकांनी सांगितलं, तर ते लक्षात राहतं.

मराठीत हे काम एका पुस्तकाने केलं. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४व्या वर्षी हृदयविकाराने गाठलं. स्वतः डॉक्टर, व्यसन नाही, साधी राहणी, आणि तरीही. आपल्याला हा आजार का झाला, याचा शोध त्यांनी स्वतःवरच घेतला. आहार बदलला, व्यायाम, योगासनं आणि ध्यान सुरू केलं, कामाचा अट्टहास आणि मनावरचा ताण तपासला. तो सगळा अनुभव ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या नावाने राजहंस प्रकाशनाने २००० साली पुस्तकरूपात आणला. मराठी घरांत बायपास झालेल्या माणसाला भेटायला जाताना फळांबरोबर हे पुस्तक नेण्याची रीतच पडली. रुग्णाने आपला आजार उघडपणे, खोलात जाऊन सांगितला की तो किती जणांच्या उपयोगी पडतो, याचं हे आपल्या भाषेतलं ठळक उदाहरण.

आणखी एका रुग्णाचं नाव इथे घ्यायलाच हवं. स्वीडनचे आर्ने लार्सन. हृदयाचे ठोके अचानक थांबल्याने ते दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध पडत. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. शरीरात पूर्ण बसवायचा पेसमेकर तेव्हा कुणी बनवलाच नव्हता. एल्मक्विस्टनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात राळेसारखं इपॉक्सी ओतलं आणि यंत्र तयार केलं. ८ ऑक्टोबर १९५८ला ते लार्सन यांच्या शरीरात बसवलं. काही तासांतच ते बंद पडलं, मग दुसरं बसवलं. पुढच्या आयुष्यात लार्सन यांना एकूण २६ यंत्रं बसवावी लागली. पण ते ८६ वर्षांचे होऊन २००१ साली गेले, आणि गेले ते वेगळ्याच आजाराने. त्यांना वाचवणारे सर्जन आणि अभियंता दोघेही त्याआधीच निवर्तले होते. मधल्या चार दशकांत लार्सन पेसमेकर बसवलेल्या रुग्णांचे खंदे पाठीराखे झाले. ठिकठिकाणी जाऊन ते लोकांना सांगत, की या यंत्रासह माणूस भरभरून जगू शकतो.

सूटकेसमधून आलेली यंत्रं

पेसमेकरची गोष्ट इथे संपत नाही. हृदयरुग्णाने मृत्यूनंतर रुग्णालयाला काय परत करावं, या प्रश्नाचं सर्वांत विलक्षण उत्तर याच यंत्रातून आणि मुंबईतूनच मिळालं आहे.

पेसमेकर म्हणजे साधारण काडेपेटीपेक्षा लहान, टायटॅनियमची चपटी डबी. वजन जेमतेम २५-३० ग्रॅम. गळ्याच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, त्वचेखाली छोटी पोकळी करून ती बसवतात. तिच्यातून निघालेल्या एक-दोन तारा शिरेतून हृदयापर्यंत जातात. डबीत बॅटरी आणि सर्किट. हृदयाचा ठोका चुकला की डबी बारीक विद्युत्-स्पंद देते. बॅटरी साधारण सात ते बारा वर्षं चालते. याच जातीचं दुसरं यंत्र म्हणजे आयसीडी. हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर ते आतल्या आत शॉक देऊन ती पूर्वपदावर आणतं. त्याची किंमत काही लाखांच्या घरात जाते.

रुग्ण दगावला तरी ही डबी चालूच असते. दहन करायचं असेल तर ती आधी काढावीच लागते, कारण तापल्यावर बॅटरीचा स्फोट होतो. ब्रिटनमध्ये १९७६ साली स्मशानभट्टीत असा स्फोट झाल्याची नोंद आहे. पुढे २००२ साली तिथल्या दहनगृहांची पाहणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्या ठिकाणी असे स्फोट झाल्याचं दिसलं. म्हणजे यंत्र काढायचंच आहे. प्रश्न एवढाच, की काढलेलं यंत्र जातं कुठे. बहुतेक वेळा ते कचऱ्यात जातं. कधी त्यात अनेक वर्षांची बॅटरी शिल्लक असते.

भारतातून अमेरिकेत गेलेल्या काही हृदयरोगतज्ज्ञांना हे वाया जाणं बघवेना. त्यांत फिलाडेल्फियाचे डॉ. बेहझाद पावरी होते, मूळचे मुंबईचे डॉ. डॅनियल मस्करेन्हस होते. अमेरिकेत काढलेलं यंत्र दुसऱ्या माणसाला बसवायला परवानगी नाही. पण मुंबईत, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात डॉ. यश लोखंडवाला यांच्याकडे असे रुग्ण येत, ज्यांना आयसीडी नसेल तर कधीही मृत्यू येऊ शकेल आणि ती विकत घेण्याची ऐपत मात्र नाही. रुग्णांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या संमतीने काढलेली, तीन वर्षांहून अधिक बॅटरी उरलेली यंत्रं धुऊन, तपासून डॉक्टर स्वतःच्या सामानात घालून भारतात घेऊन येत. इथे ती पुन्हा निर्जंतुक केली जात आणि गरीब रुग्णांना विनामूल्य बसवली जात.

याचा हिशेब त्यांनी ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात २०१२ साली मांडला. ८१ रुग्णांना मिळून १०६ वापरलेली आयसीडी बसवली गेली. सरासरी सव्वादोन वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. यंत्रामुळे जंतुसंसर्ग झाल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही. आणि ४४ रुग्णांच्या बाबतीत, म्हणजे निम्म्याहून अधिक जणांमध्ये, या यंत्राने नेमक्या गरजेच्या क्षणी काम केलं. सातासमुद्रापलीकडच्या कुणाच्या छातीतून निघालेल्या यंत्राने मुंबईतल्या माणसाचा जीव वाचवला.

साध्या पेसमेकरच्या बाबतीतही असंच झालं. अमेरिकेतल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांनी, कुटुंबीयांच्या संमतीने, काढलेले पेसमेकर दिले. तपासणीत बाद झालेले बाजूला काढून बॅटरी चांगली असलेले होली फॅमिलीमध्ये ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. त्यांत रिक्षाचालक होते, अंगमेहनत करणारे मजूर होते, गृहिणी होत्या. बरेच जण पुन्हा कामाला लागले.

हे सरसकट कुणीही, कुठेही करायचं काम नाही. पुनर्वापर फक्त डबीचा होतो. हृदयापर्यंत जाणाऱ्या तारा दरवेळी नव्याच घालाव्या लागतात. यंत्राची विद्युत्-तपासणी, आधीच्या रुग्णाची माहिती पुसणं, इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण, रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आणि घेणाऱ्या रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती, हे सगळं लागतं. उत्पादक कंपन्या यंत्रावर ‘एकदाच वापरण्यासाठी’ असं लिहितात आणि त्याची कायदेशीर बाजू आहेच. म्हणून इथे पुराव्याला महत्त्व येतं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या चार देशांचा अनुभव मांडला. पुनर्वापराची यंत्रं बसवलेले १,०५१ रुग्ण आणि नवी यंत्रं बसवलेले ३,१५३ रुग्ण यांची दोन वर्षं तुलना केली. संसर्गाचं किंवा यंत्रामुळे होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण पहिल्या गटात २ टक्के आणि दुसऱ्यात १.२ टक्के आढळलं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय ठरला नाही, आणि संसर्गामुळे मृत्यू एकही नव्हता.

महाराष्ट्रात पेसमेकर बसवलेली माणसं आता प्रत्येक मोठ्या गावात आहेत. घरातला माणूस गेल्याच्या दुःखात हा विषय कुणाला सुचत नाही, आणि सुचावा अशी अपेक्षाही नाही. म्हणून तो आधी बोलून ठेवायचा असतो. पेसमेकर बसवतानाच रुग्णालयाने सांगावं, की पुढेमागे हे यंत्र आम्ही परत घेतो किंवा घेत नाही. घेणाऱ्या ठिकाणांची नावं माहीत असावीत. आज ही माहिती विचारणाऱ्यालाच मिळते.

पैशाचं देणं, पण कुठल्या खिडकीत?

पैसे देणाऱ्यांचा मार्ग सोपा वाटतो. तोही नीट समजून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आता १ लाख ८० हजार रुपये, तर दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. रुग्णालयाने आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची, आणि गरीब रुग्णांसाठी आलेल्या देणग्याही त्याच निधीत जमा करायच्या, अशी तरतूद आहे. म्हणून बरं होऊन काही देऊ इच्छिणाऱ्याने चेक लिहिताना ‘निर्धन रुग्ण निधीसाठी’ असा स्पष्ट उल्लेख करावा आणि तसाच उल्लेख पावतीवरही मागावा. मुंबईतल्या केईएमसारख्या महापालिका रुग्णालयांत यासाठी ‘पुअर बॉक्स चॅरिटी फंड’ आहे. तिथे दिलेल्या छोट्या रकमेतूनही कुणाचं तरी इंजेक्शन येतं.

अमेरिकेत ‘कृतज्ञ रुग्ण’ हा देणग्या मिळवण्याचा मोठा विभागच होऊन बसला आहे. बड्या रुग्णालयांत त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी असतात. तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या आचारसंहितेने डॉक्टरांना बजावलं आहे, की स्वतःच्या रुग्णाकडे थेट देणगी मागू नये, निदान उपचार चालू असताना तरी नाहीच. हे आपल्याकडेही पक्कं व्हायला हवं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकाला ‘हॉस्पिटलच्या नव्या विंगला काही देणार का?’ असं विचारलं, तर त्याच्याकडे नाही म्हणण्याची सोय उरत नाही. तो दिलेला पैसा कृतज्ञतेचा नसतो, भीतीचा असतो. देणगीचा विषय उपचार संपल्यावर, डॉक्टरांच्या खोलीबाहेर आणि रुग्णाच्या इच्छेने निघावा.

याच्या उलट टोकाला नवी मुंबईतलं खारघरचं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. बिल भरायची खिडकीच नाही. हजार बाळांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे अशा ठिकाणाची गरज कळते. सुनील गावसकर या रुग्णालयाशी जोडले गेले आहेत. २०१९ साली सत्तराव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. कसोटीतली ३४ आणि एकदिवसीय सामन्यांतलं एक अशी त्यांची शतकं ३५, तेवढीच मुलं. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या आईबापांकडून इथे पैसे घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापाशी उरतं ते दुसऱ्या कुणाला इथला पत्ता सांगणं. पुण्यातही डॉ. रणजीत जगताप यांचं राममंगल हार्ट फाउंडेशन गरीब मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी काम करतं.

पैशाइतकंच मोल माहितीला आहे. राज्य सरकारची ‘जीवनदायी’ योजना १९९७ साली आली, तीत हृदयशस्त्रक्रिया होत्या. २०१२ साली ती आठ जिल्ह्यांत नव्या रूपात सुरू झाली, २०१३ साली राज्यभर गेली आणि २०१७पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. योजनेतल्या रुग्णालयांत रुग्णांना मदत करायला ‘आरोग्यमित्र’ बसतात, तरीही गोंधळ उरतोच. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो, मंजुरीचा क्रमांक, या साऱ्यात नवखा नातेवाईक गोंधळून जातो. शाळकरी मुलांसाठी वेगळा मार्ग आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांत तपासणी करणारं पथक मुलाच्या हृदयाचा दोष शोधून त्याला मोफत शस्त्रक्रियेपर्यंत नेऊ शकतं. ज्या कुटुंबाने हा सगळा रस्ता एकदा पार केला, त्याच्यापाशी जी माहिती आहे ती कुठल्याही पत्रकात सापडणार नाही. कुठली खिडकी आधी, कुठला कागद झेरॉक्ससह, दुपारी कोण असतं, कोण नसतं. आठवड्यातून एक सकाळ अशा माणसाने आरोग्यमित्राच्या टेबलाशेजारी बसावं, एवढंच पुरे आहे.

कधी रुग्णाच्या वतीने मागितलेला न्यायही लाखोंच्या कामी येतो. ओळखीतल्या रुग्णाला स्टेंट बसवताना आलेल्या किमतीने अस्वस्थ होऊन दिल्लीचे वकील बिरेंदर सांगवान यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १३ फेब्रुवारी २०१७ला राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी औषधयुक्त स्टेंटला लाखाच्या पुढे मोजावे लागत होते. मांजरीतल्या शेतमजुराच्या बिलातही तो फरक उतरला.

जहांगीरपासून मुलुंडपर्यंत

३ ऑगस्ट २०१५. पुण्यात जहांगीर रुग्णालयात ४२ वर्षांच्या एका महिलेचा मेंदू मृत झाल्याचं जाहीर झालं आणि तिच्या कुटुंबाने अवयवदानाला होकार दिला. तिचं हृदय लोहगाव विमानतळावर, तिथून विमानाने मुंबईला आणि मोकळ्या केलेल्या रस्त्यांवरून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पोचलं. डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते २२ वर्षांच्या तरुणाला बसवलं. काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या शरीरात धडधडायला हवं, म्हणून पुणे-मुंबई हे अंतर घाटातून न कापता हवेतून कापलं गेलं.

मुंबईतलं पहिलं हृदयप्रत्यारोपण १६ फेब्रुवारी १९६८ला केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलं होतं, जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा. तो रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर ४७ वर्षांनी पुण्याच्या एका कुटुंबाच्या निर्णयामुळे मुंबईत ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली. पुढे त्याच मुलुंडच्या रुग्णालयात शंभराहून अधिक हृदयप्रत्यारोपणं झाली.

दुसऱ्याचं हृदय मिळालेल्या माणसाला परतफेड कुणाची करायची हेही ठाऊक नसतं, कारण दात्याचं नाव त्याला सांगितलं जात नाही. बंगळूरच्या रीना राजू यांना २००९ साली हृदय मिळालं, ते निकामी झाल्यावर २०१७ साली दुसऱ्यांदा मिळालं. मधल्या काळात त्यांनी स्वतःचं फाउंडेशन काढून अवयवदानाचा प्रचार आणि गरजू रुग्णांना मदत सुरू केली. रुग्णांनीच उभ्या केलेल्या अशा संस्थांची महाराष्ट्रात फार गरज आहे.

जे देता येतं, जे येत नाही

बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला पुढे रक्तदान करता येत नाही. नियमच तसा आहे, आणि तो त्याच्या भल्यासाठी आहे. पण त्याच्या शस्त्रक्रियेला ज्या अनोळखी लोकांचं रक्त लागलं, त्याची भरपाई घरातले निरोगी मुलगे, सुना, भाचे करू शकतात. हृदयरुग्णाचं हृदय सहसा प्रत्यारोपणाला चालत नाही, पण डोळे चालतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत नेत्रपेढीला कळवलं तर नेत्रपटल दुसऱ्याला दृष्टी देतं. चष्मा, वय, बायपास यांपैकी काहीच आड येत नाही. त्वचादान, वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान हे मार्गही खुले असू शकतात.

या सगळ्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणं बरोबर नाही. रुग्णालयांनी आपलं दार उघडायला हवं. बऱ्या झालेल्या रुग्णांची यादी ठेवावी, त्यांतल्या इच्छुकांना थोडं प्रशिक्षण द्यावं, वॉर्डात काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही हे शिकवावं. औषध सुचवायचं नाही, डॉक्टरांवर टीका नाही, कुणाची फाइल वाचायची नाही, हे नियम पक्के असावेत. यासाठी मोठा निधी लागत नाही. समाजसेवा विभागातला एक माणूस आणि एक खुर्ची-टेबल लागतं. ही सोय ज्या रुग्णालयात नाही, तिथे बरा होऊन घरी गेलेला प्रत्येक रुग्ण हा वाया गेलेला मदतनीस आहे.

सोलापूर रस्त्याने ज्यांची वरात एकदा कॅथलॅबपर्यंत जाऊन सुखरूप परत आली आहे, त्यांच्यासाठी एवढं सांगणं: पुढच्या फॉलो-अपला जाल तेव्हा फाइलबरोबर दहा मिनिटं जास्तीची ठेवा. समाजसेवा विभाग किंवा आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा आणि आपलं नाव-नंबर देऊन या. निर्धन रुग्ण निधीची पावती कशी मिळते ते पाहून ठेवा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर तो पुढे परत घेतला जातो का, याची डॉक्टरांकडे चौकशी करा आणि जे उत्तर मिळेल ते फाइलच्या पहिल्या पानावर घरच्यांना दिसेल असं लिहून ठेवा.